जेनिफरला उठवा

गेल्या रविवारी आमच्या सोफ्यावर तीन पिढ्या बसल्या होत्या. आई, मी आणि माझी चौदा वर्षांची लेक. बाहेर पावसानं झोडपून काढलं होतं, कुणाला कुठं जायचं नव्हतं, आणि टीव्हीवर ‘बॅक टू द फ्यूचर’चा दुसरा भाग लावला होता. आईच्या मांडीवर मेथीची जुडी, पुढ्यात परात. डोळे पडद्यावर, बोटं मेथीत.

सुरुवातीलाच तो प्रसंग येतो. काळात फिरणारी गाडी घेऊन शास्त्रज्ञ डॉक ब्राऊन तरुण मार्टीला न्यायला येतो. तुमच्या मुलांचं भविष्यात काहीतरी बिनसलंय, लगेच चल, म्हणतो. मार्टीची मैत्रीण जेनिफरही गाडीत बसते, कारण मुलं तिचीही आहेत. गाडी उडते, २०१५ साल येतं. जेनिफर साहजिकच विचारायला लागते, आमचं लग्न कसं होणार, घर कसं असणार. डॉक तिच्या डोळ्यांसमोर एक उपकरण धरतो आणि ती जागच्या जागी झोपी जाते. कारण काय, तर ती फार प्रश्न विचारत होती. मग तिला एका बोळात ठेवतात. पुढं घराच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर. मध्ये थोडा वेळ जाग येते तेवढीच. तिसरा भाग संपत येईपर्यंत ती झोपलेलीच असते.

“पण मुलं तिचीपण आहेत ना?” लेकीनं विचारलं.

आईनं मेथीची काडी मोडली. “तिला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

कॉलेजात असताना मी हाच सिनेमा मैत्रिणींबरोबर पाहिला होता आणि याच जागी आम्ही सगळ्या हसलो होतो. रविवारी तिघींपैकी कुणी हसलं नाही. सिनेमातलं एक चित्रसुद्धा बदललेलं नाही. बदललं ते सोफ्यावर.

म्हणून या आठवड्यात टाइम ट्रॅव्हलचे सिनेमे. त्यांना विचारायचा प्रश्न एकच आहे. यंत्राची किल्ली कुणाच्या हातात?

*

आधी जुनं यंत्र. एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ची. जॉर्ज पालनं तिच्यावर १९६० साली सिनेमा काढला. नायक १८९९च्या शेवटच्या दिवशी यंत्रात बसतो. समोर कपड्यांचं दुकान दिसतं आणि काचेआड बाईचा पुतळा. यंत्राचा वेग वाढत जातो तसे पुतळ्याच्या अंगावरचे कपडे भराभर बदलतात, स्कर्ट आखूड होत जातो. वर्षं उलटताहेत हे नायकाला त्या कपड्यांवरून कळतं. पुतळा जागचा हलत नाही.

मग तो ८,०२,७०१ या साली पोचतो. तिथं वीना नावाची तरुणी नदीत बुडत असते, हा उडी टाकून तिला बाहेर काढतो. या परक्या माणसाला ती काय विचारते? तुमच्या काळातल्या बायका केस कसे ठेवतात?

आठ लाख वर्षं पुढं गेलो आणि बाईकडे प्रश्न उरला तो केसांचा. ज्या १९६० साली हा सिनेमा आला, त्याच वर्षी अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला सरकारी मान्यता मिळाली होती. बाईचं आयुष्य बदलून टाकणारी गोष्ट औषधाच्या दुकानात येऊन थांबली होती. कॅमेरा समोरच्या कपड्यांच्या दुकानाकडे बघत होता.

*

आता दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवू. ‘बॅक टू द फ्यूचर’चा पहिला भाग १९८५चा. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा ‘पेगी सू गॉट मॅरीड’ १९८६चा. दोन्हींची सुरुवात १९८५मध्येच. एकात मुलगा १९५५ला जातो, दुसऱ्यात बाई १९६०ला.

मार्टीची आई लॉरेन १९८५मध्ये थकलेली, दारूच्या आहारी गेलेली दिसते. आमच्या वेळी मुली मुलांच्या मागे लागत नसत, असं पोरांना सांगते. मार्टी १९५५मध्ये जाऊन बघतो, तर हीच लॉरेन सिगारेट ओढतेय, घोट घेतेय आणि आवडलेल्या मुलाच्या मागे खुशाल लागलीय. इथं सिनेमानं एक खरी गोष्ट पकडली आहे. आई जन्मतः आई नसते. तिलाही सतरावं वर्ष असतं, आणि ते तिला पुढं लपवून ठेवावं लागतं.

पण मग तिचं आयुष्य सुधारतं कशानं? मार्टी बेत आखतो की आपण गाडीत लॉरेनवर जबरदस्ती करायची, आणि आपल्या होणाऱ्या बापानं, जॉर्जनं, येऊन तिला सोडवायचं. प्रत्यक्षात गाडीत शिरतो शाळेतला गुंड बिफ, आणि तो खरोखरच तिच्यावर हात टाकतो. जॉर्ज त्याला एक ठोसा लगावतो. त्या ठोशानं पुढची तीस वर्षं बदलतात. जॉर्ज लेखक होतो, त्याची पहिली कादंबरी छापून घरी येते. घर सुधारतं, लॉरेन टेनिस खेळून हसत घरी येते. ती स्वतः काय करते, हे सिनेमा सांगत नाही. आणि तिच्यावर हात टाकणारा बिफ त्यांच्याच दारात गाडी चकचकीत करत उभा असतो. सिनेमाला यात सुखाचा शेवट दिसतो.

१९५५ ते १९८५. या तीस वर्षांत अमेरिकेत समान वेतनाचा कायदा आला १९६३ साली. शिक्षणात मुलींशी भेदभाव करायला बंदी आली १९७२ साली. बाई आहे म्हणून कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नाकारायचं नाही, हा कायदा आला १९७४ साली. मार्टीच्या आईच्या आयुष्यातले हे खरे ठोसे. सिनेमाला काळाचं भान नव्हतं असं म्हणावं, तर तसंही नाही. नट रोनाल्ड रेगन अध्यक्ष होणार हे ऐकून १९५५मधला डॉक चकित होतो. कॅफेत झाडू मारणारा कृष्णवर्णीय गोल्डी विल्सन पुढं त्याच गावाचा महापौर होतो. देश किती बदलला हे सिनेमाला नेमकं ठाऊक होतं. फक्त आईपाशी येऊन नजर थांबली.

*

आता पेगी सू. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाल्याचा मेळावा. नवरा चार्ली बाहेरख्याली, दोघं वेगळी झालेली. मेळाव्यात पेगी सूला भोवळ येते आणि डोळे उघडतात ते १९६०मध्ये. पुढचं सगळं तिला माहीत आहे. मनात आणलं तर लग्नच टाळता येईल.

टाळता येत नाही. अठराव्या वाढदिवसाला चार्ली तिला लॉकेट देतो. त्यात दोघांचे तान्हेपणीचे फोटो, आणि त्या फोटोंत तिला आपली न जन्मलेली मुलं दिसतात. खेळ संपला. ती पुन्हा त्याच माणसाकडे जाते, कारण गेली नाही तर मुलं होणारच नाहीत. १९८५मध्ये शुद्धीवर येते तेव्हा उशाशी तोच नवरा असतो.

दोन्ही सिनेमे ओळीनं बघा, मग हिशेब स्वच्छ दिसतो. जॉर्जला नवं आयुष्य मिळतं आणि त्याची तिन्ही मुलं जिथल्या तिथं राहतात. पेगी सूला नवं आयुष्य हवं असेल तर किंमत म्हणून दोन मुलं द्यावी लागतात. बापाचा भूतकाळ मोकळा. आईच्या भूतकाळाला कुलूप, आणि कुलूप म्हणून लेकरं.

भौतिकशास्त्राच्या गप्पांत याला ‘ग्रँडफादर पॅराडॉक्स’ म्हणतात. मागे जाऊन आजोबांनाच मारलं, तर मारणारा जन्मेल कसा? शतकभर हा पेच आजोबांच्या नावानं चाललाय. पण हा पेच खराखुरा जगते ती आजी. ‘तेव्हा शिकले असते तर’ हे वाक्य तिच्या ओठावर येतं आणि पुढं बसलेलं नातवंड बघून ती ते गिळते. आजोबा हे वाक्य कधीही, कुणासमोरही, मोठ्यानं पुरं करतात.

*

‘टर्मिनेटर’ १९८४चा. २०२९मधून एक यंत्रमानव सॅरा कॉनरला मारायला येतो. टेलिफोन डिरेक्टरी उघडतो आणि त्या नावाच्या बायकांना एकामागून एक संपवत सुटतो. सॅरा हॉटेलात वेट्रेस आहे. तिनं काहीही केलेलं नाही. तिचा पुढं होणारा मुलगा मोठा नेता असणार आहे, म्हणून ती मरायला हवी. मारणारा तिच्या गर्भाशयासाठी आलाय, आणि वाचवणाराही त्यासाठीच.

१९९१च्या दुसऱ्या भागात हीच सॅरा मनोरुग्णालयाच्या खोलीत दिसते. लोखंडी खाट उभी केलीय, तिच्या पायांना लोंबकळून ती शरीर वर खेचतेय. दंडाचा स्नायू न् स्नायू मोजून घ्यावा. भविष्य माहीत असलेल्या बाईला जगानं वेडी ठरवून कोंडलंय, आणि ती कोंडीत ताकद साठवतेय. लिंडा हॅमिल्टनच्या या एका दृश्यानं पडद्यावरच्या बाईचं शरीर बदललं. ते बघण्यासाठी राहिलं नाही, कामाचं झालं.

याच सिनेमात तिच्या तोंडी फार कडू विचार आहे. मुलाशी खेळणाऱ्या यंत्रमानवाकडे बघत ती मनाशी म्हणते की हा कधी पिऊन येणार नाही, मारणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. बाप व्हायला आलेल्या सगळ्यांत हे यंत्रच बरं. पुरुषांनी हे वाक्य जपून ठेवायला हवं.

आणि मग २०१९चा ‘डार्क फेट’. मेक्सिको सिटीतल्या मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या दानीच्या मागे नवा मारेकरी लागतो. आता म्हातारी झालेली सॅरा तिला समजावते, तुझ्या पोटी कुणीतरी जन्मणार आहे म्हणून हे चाललंय. सॅराला जगानं एवढंच शिकवलेलं असतं. पुढं कळतं की दानीच्या पोटी कुणी तारणहार येणार नाही. माणसांना एकत्र करणारी, लढायला शिकवणारी दानी स्वतःच आहे. तिला वाचवायला आलेल्या सैनिक बाईला भविष्यातून पाठवलंय तेही दानीनंच.

गर्भाशयापासून हातापर्यंत यायला या कथेला पस्तीस वर्षं लागली.

त्याच सिनेमात अर्नोल्ड श्वार्झनेगरचा जुना यंत्रमानव काय करतोय? टेक्सासमध्ये खिडक्यांचे पडदे शिवून-बसवून देण्याचा धंदा. एका बाईचा आणि तिच्या मुलाचा संसार त्यानं सांभाळलाय, आणि लंगोट बदलायची कामं बिनतक्रार केली आहेत. १९८४मध्ये डिरेक्टरी उघडून बायका शोधणाऱ्या यंत्राच्याच जातीचा हा हात पस्तीस वर्षांनी पडद्याचं कापड निवडतोय. बाईनं बंदूक उचलली यावर खूप लिहिलं गेलं. पुरुषानं लंगोट उचलला, ही माझ्या लेखी त्याहून मोठी बातमी आहे.

*

काळ पुढं गेला की सिनेमाही आपोआप पुढं जातो, असं कुणी समजू नये. २०१३चा ‘अबाउट टाइम’ बघा. रिचर्ड कर्टिसचा गोड, हळवा सिनेमा, मलाही आवडतो. टिम एकवीस वर्षांचा होतो तेव्हा वडील गुपित सांगतात, आपल्या घराण्यातल्या पुरुषांना काळात मागे जाता येतं. कपाटात शिरायचं, अंधारात मुठी आवळायच्या, झालं. फक्त पुरुषांना. का, ते कुणी विचारत नाही, आणि घरातली एकही बाई तक्रार करत नाही, कारण त्यांना माहीतच नाही.

टिम मेरीला गाठतो ते तिच्या आवडीनिवडी आधीच कळलेल्या असतात म्हणून. पहिली रात्र जमली नाही, तर मागे जाऊन पुन्हा, आणि पुन्हा. मेरीच्या दृष्टीनं ती एकच रात्र. तिच्या आयुष्यातली पानं कुणीतरी खोडून परत लिहितंय, आणि तो तिचा नवरा आहे.

पुढं त्याच्या बहिणीला मोठा अपघात होतो. भाऊ हात धरून तिला मागे नेतो आणि ज्या माणसामुळे तिचं आयुष्य बिघडलं तो माणूसच तिच्या वाटेतून काढून टाकतो. परत येऊन बघतो, तर पाळण्यात त्याच्या मुलीऐवजी दुसरंच मूल. मग तो केलेलं सगळं उलटं फिरवतो. बहिणीला तिचा अपघात परत मिळतो. इथंही लेकरूच कुलूप झालं. कुलूप लागलं मात्र बहिणीच्या आयुष्याला, आणि किल्ली राहिली भावाच्या मुठीत.

*

आता उजेड. पेगी सूची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९६०च्या वर्गात बीजगणिताची परीक्षा असते. ती शिक्षकांना सांगते की मला पुढं या बीजगणिताचा काडीचाही उपयोग होणार नाही, हे मी अनुभवानं सांगते. प्रेक्षक टाळ्या देतात. मला त्या जागी पोटात तुटतं. उपयोग का झाला नाही, हा प्रश्न तिनं फळ्यावर मांडायला हवा होता.

तो प्रश्न ‘पाम स्प्रिंग्ज’नं सोडवला, २०२० साली. एका लग्नाचा दिवस पुन्हा पुन्हा उगवतोय. त्यात नाइल्स अडकलाय आणि वधूची बहीण सॅरा अडकलीय. नाइल्सनं हात टेकलेत. बियर घेऊन तरणतलावात तरंगत राहणं त्याला पुरतं. सॅरा तोच एक दिवस रोज वापरून क्वांटम भौतिकी शिकायला बसते. पुस्तकं, व्हिडिओ, आकडेमोड. बोकडावर प्रयोग करून बघते. बाहेर पडायची वाट सापडते ती तिलाच, अभ्यासातून. मग ती त्याला विचारते, येतोस का?

विचारते. जेनिफरला झोपवलेल्या उपकरणाला हे उत्तर आहे.

आणि २०२१चा सेलिन सियामाचा फ्रेंच सिनेमा ‘पतीत मामाँ’. आठ वर्षांच्या नेलीची आजी गेलीय. आई घर आवरता आवरता कुणाला न सांगता निघून जाते. नेलीला रानात तिच्याच वयाची मुलगी भेटते, फांद्या रचून खोपटं बांधणारी. ती तिची आई आहे, आठ वर्षांची. यंत्र नाही, ठोसा नाही, कुणाचं लग्न जुळवायचं नाही. दोघी मिळून खोपटं बांधतात, पॅनकेक करतात. आईच्या मनातलं दुःख आपल्यामुळे आलेलं नाही, ते आपल्याही आधीचं आहे, एवढं मुलीला कळतं. सव्वा तासात सिनेमा संपतो. भूतकाळात कुणी काही दुरुस्त केलं नाही, तरी आई पहिल्यांदा पूर्ण माणूस म्हणून दिसली.

*

आपल्याकडे हिंदीत २०१० साली ‘ॲक्शन रिप्ले’ आला. भांडकुदळ आईबापांचा मुलगा सत्तरच्या दशकात जातो आणि पहिलं काम काय करतो? बापाला रुबाबदार बनवतो. मार्टीचाच धडा. २०१६च्या ‘बार बार देखो’त दिग्दर्शिका नित्या मेहरानं गणिताच्या प्राध्यापकाला भविष्यात फेकलं आणि बायकोला वेळ न देणाऱ्या नवऱ्याचा संसार कसा सुटत जातो ते त्याच्याच डोळ्यांना दाखवलं. नवऱ्यानं शिकायचं असतं, एवढी तरी जागा त्यात झाली.

पण मागे जाऊन दुरुस्ती करणारं खरंखुरं यंत्र आपल्याकडे आहे, आणि त्यावर कुणी सिनेमा काढलेला माझ्या पाहण्यात नाही. ते यंत्र म्हणजे वारसा कायदा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या पश्चात त्याच्या वाट्यातला वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं सहहिस्सेदार राहिला तो मुलगाच. महाराष्ट्रानं १९९४मध्ये मुलींनाही तो हक्क दिला, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५मध्ये केंद्रानं लग्नाची अट न ठेवता तो सगळ्या मुलींना दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात नसले तरी आहे. साठी-सत्तरीच्या बायका एका सकाळी उठल्या आणि कायद्यानं त्या जन्मापासून घरच्या ठरल्या.

या यंत्रालाही एक कुलूप आहेच. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि व्यवहार तसेच राहतात. कायदा जन्मापर्यंत मागे जातो. केलेली सही त्याला पुसता येत नाही.

*

रविवारी सिनेमा संपला. मेथी निवडून झाली होती. लेकीनं आजीला विचारलं, “आजी, तुला मशीन मिळालं तर तू कुठल्या साली जाशील?”

मी दचकले. आईचं शिक्षण मॅट्रिकनंतर थांबलं, ते वर्ष मला ठाऊक आहे. ती त्या वर्षाचं नाव घेईल असं वाटलं. ते घेतलं, तर पुढचं लग्न नाही, मी नाही, प्रश्न विचारणारी ही पोरगीही नाही. आणि घेतलं नाही, तर ती आमच्यासाठी गप्प बसली, हे मला कळणार होतं.

“एकोणनव्वद,” आई म्हणाली. “माझे वडील गेले, त्यानंतरचा उन्हाळा. हक्कसोडपत्रावर सही केली तो दिवस.”

हे ती यापूर्वी कधी बोलली नव्हती.

“कागद पुढं ठेवला होता आणि सही कुठं करायची तिथं भावानं बोट ठेवलं होतं. मी त्या बोटाकडं बघितलं आणि सही केली. वर काय लिहिलंय ते बघितलंच नाही. आता जाईन आणि कागद वाचेन.”

“मग सही नाही करणार?” लेक पुढं सरकली.

“ते वाचल्यावर ठरवेन.”

परातीतली पानं तिनं दोन्ही हातांनी सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या मनात काय चाललं होतं ते तिला कळलं असावं.

“तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस,” ती म्हणाली. “कुणी नाहीसं होत नाही.”